बुलेटचा वाटा

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

गीतूच्या लिव्हरमध्ये गाठ आहे. मोसंबीएवढी. पाण्याने भरलेली, आणि तिच्या आत आणखी बारक्या बारक्या गाठी.

किती दिवस पोर सांगत होती — मम्मी, उजव्या बाजूला दुखतंय. सासूबाई म्हणाल्या, वायू धरलाय, ओवा चावून खा. रूपेश म्हणाला, अभ्यास टाळायची नाटकं. मी म्हणाले, कबड्डीत लागलं असेल. आज शेवटी ऑफिसला दांडी मारून नेरूळला सोनोग्राफीला नेलं. तो डॉक्टर पोटावर मशीन फिरवतोय, फिरवतोय आणि एकाच जागी थांबला. परत तिथेच. मला तेव्हाच कळलं काहीतरी आहे.

तिथून सर्जनबाईंकडे. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि पहिलाच प्रश्न — घरात कुत्रा आहे का?

आणि आमचे साहेब! चेहरा असा फुलला! खिशातून मोबाईल काढून बुलेटचे फोटो दाखवायला लागला! रॉटवायलर आहे मॅडम, पाच वर्षांचा, अख्ख्या सारसोळ्यात असा दुसरा नाही. हा बघा वाढदिवसाचा बॅनर. पोरीच्या लिव्हरमध्ये गाठ, आणि हा माणूस डॉक्टरला कुत्र्याचा बॅनर दाखवतोय!

मॅडमनी विचारलं, खायला काय देता? म्हणाला, मटण, रोज ताजं, कच्चं. कच्चं म्हणजे कलेजी, फुप्फुस असलं का? तर म्हणतो, "तेच तर आवडतं त्याला!" छाती काढून सांगितलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

हायडॅटिड म्हणतात त्याला. कुत्र्याच्या पोटातल्या जंतापासून होतो. ऑपरेशन करावं लागणार. आधी काही आठवडे गोळ्या. तोपर्यंत पडायचं नाही, धावायचं नाही, पोटाला धक्का लागू द्यायचा नाही. गाठ आत फुटली तर जिवावर बेतेल. हे सगळं गीतूच्या समोर सांगितलं. अकरा वर्षांची पोर माझी. घरी येताना गाडीत पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती.

१३ फेब्रुवारी

ऑफिसात एक व्हाउचर धड बनवता आलं नाही. फोनवर तेच वाचत बसले. आता मला सगळं पाठ झालंय.

बकऱ्याच्या कलेजीत, फुप्फुसात कधी कधी पाण्याच्या पिशव्या असतात. पांढऱ्या, फुग्यासारख्या. मी स्वतः बघितल्यात की! त्या कच्च्या कुत्र्याच्या पोटात गेल्या की त्याला बारीक जंत होतात. कुत्र्याला काही होत नाही. खातो, धावतो, अंगावर चकाकी. पण त्याच्या शीतून जंतांची अंडी पडतात, डोळ्यांना न दिसणारी. मातीत पडतात, त्याच्या केसांना चिकटतात, तो स्वतःला चाटतो म्हणून जिभेलाही. पोरं त्याला मिठ्या मारतात आणि तेच हात तोंडात. मग वर्षानुवर्षं पोटात गाठ वाढत बसते आणि कोणाला पत्ता नाही.

आणि आम्ही काय करतो? आमच्या गावात लग्नाची हळद म्हटली की अंगणात बकरे कापले जाणार. कलेजी फोडली आणि आत पिशवी निघाली, की ती पाहुण्यांच्या ताटात नाही घालायची. बरोबर. मग टाकायची कुठे? सासूबाई पदर खोचून उभ्या — "टाकू नको रं, बुलेटचा वाटा हाय तो!" चांगलं माणसाला, खराब कुत्र्याला. यात वाईट करतोय असं कोणाच्या स्वप्नातही नाही. उलट मुक्या जिवाला घातलं म्हणून पुण्य! नेमकं जे जाळून टाकायला पाहिजे तेच आम्ही हाताने भरवतो.

हळदी तर वर्षातून चार. आमचा खाटीक रोज काळ्या पिशवीत बांधून ठेवतो. त्यालाही नाव — बुलेटचा वाटा.

आणि तोच हात सासूबाई गीतूच्या तोंडात घालतात. भाताचे गोळे करून. अकरा वर्षांच्या घोडीला!

१४ फेब्रुवारी

व्हॅलेंटाइन डे. रूपेशने स्टेटस टाकलंय — बुलेटच्या गळ्यात हात, वर 'माय फर्स्ट लव्ह'. गीतू आतल्या खोलीत पहिली गोळी घेऊन ओकत होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज माझं डोकं फिरलं.

सकाळी रूपेश मटण घेऊन आला. एका हातात आपली पिशवी, दुसऱ्या हातात काळी. मी म्हटलं, ती काय आहे? म्हणतो, अगं एकदम कसं बंद करणार, जनावर आहे, त्याला सवय आहे, हळूहळू करू. हळूहळू! मी ती पिशवी हिसकावली आणि सरळ खिडकीतून खाली भिरकावली. अशी आग झाली होती तळपायापासून, काय सांगू!

आणि खाली बघते तर गल्लीतली चार कुत्री तुटून पडलेली. पिशवी फाडली, फुप्फुसाचे तुकडे सगळ्या गल्लीत.

अक्कल कुठे गेली होती माझी? एका कुत्र्याच्या पोटातून काढून चार कुत्र्यांच्या पोटात घातलं! मी झाडू घेऊन धावले. गाऊनवर! ओरडत, शिव्या देत कुत्री हाकलली. एकाच्या तोंडातून तर ओढून काढलं. चावलं असतं म्हणजे? हाताला प्लॅस्टिक गुंडाळून एकेक तुकडा वेचला. अख्खी गल्ली गॅलरीत. कोणीतरी व्हिडिओ काढत होतं, काढा! सगळं गच्चीत नेऊन पत्र्याच्या डब्यात रॉकेल घालून जाळलं. वास अजून केसांत आहे.

रूपेश सोफ्यावर बसून म्हणतो, तमाशा झाला का करून? गावात काय इज्जत राहील? याला कॉर्पोरेशनची निवडणूक लढवायची आहे. गावाच्या कमानीवर याचाच फोटो लागलाय — भावी नगरसेवक. बाजूला बुलेट, गळ्यात सोन्याची चेन. माझ्या तोंडावर बरंच आलं होतं, पण पोर घरात होती.

१८ फेब्रुवारी

बुलेटला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. पाच वर्षांत दुसऱ्यांदा! पुढच्या सीटवर तो, एसी त्याच्याकडे वळवलेला. मी मागे.

डॉक्टर तरुण आहे, पण खमका. जंताची गोळी शेवटची कधी दिली? रूपेश म्हणाला, गरज काय, एकदम फिट आहे. रेबीजचं इंजेक्शन? लहान होता तेव्हा दिलं. दर वर्षी द्यायचं असतं हे माहीत आहे का? तर हा म्हणतो, "तो घरातला कुत्रा आहे हो, रस्त्यावरचा थोडाच आहे." डॉक्टर म्हणाला, सकाळी कुठे नेता? जेटीवर मोकळा सोडतो. मग शी कोण उचलतं? रूपेश हसला. गावात कोण उचलतं साहेब!

तिथेच तर सुकट वाळत घालतात. तिथेच गावची सगळी पोरं क्रिकेट खेळतात. बुलेट आला की बॅट टाकून त्याच्या अंगावर पडतात, सेल्फी काढतात.

डॉक्टरने इंजेक्शन दिलं, गोळी चारली. पुन्हा पुन्हा द्यायची, एकदा देऊन भागणार नाही, कच्चं कायमचं बंद. आणि आता काही दिवस याला बांधून ठेवा, शी हातमोजे घालून उचला, खोल पुरा. आत्ता ती सर्वांत घातक. मी रूपेशकडे बघितलं. त्याने मान फिरवली. गाडीत म्हणाला, मी उचलताना कोणी फोटो काढला तर? विरोधकांना आयतंच मिळेल!

पाच वर्षं बाप म्हणवून घेतो त्या कुत्र्याचा. स्टेटसला लिहितो, माय सन. बापाने एकदा तरी पोराची शी काढलीय?

माझ्या पोरीची पण नव्हती काढली म्हणा.

२० फेब्रुवारी

मीच उचलते. तोंडाला रुमाल, हाताला दोन-दोन मोजे. मागच्या आवारात खड्डा खणून घेतलाय. बुलेट साखळीला बांधलेला, शेपटी हलवत बघत असतो. त्याला वाटतंय मी त्याची सेवा करतेय. मला तू आवडत नाहीस, असं स्पष्ट सांगितलं त्याला आज. कधीच आवडला नाहीस. घरात आलास तेव्हापासून नाही. तर हात चाटायला आला. "हट्!" म्हटलं.

२३ फेब्रुवारी

सर्जनबाई म्हणाल्या होत्या, कुत्र्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्या सगळ्यांची सोनोग्राफी करून घ्या. सर्वांत आधी लहान मुलं. मला पहिलं तोंड आठवलं ते तेजसचं. शालन, माझी धाकटी जाऊ, खालच्या मजल्यावर राहते, तिचा तेजस. चार वर्षांचा आहे. बुलेटच्या पाठीवर बसून घोडा-घोडा करतो. बुलेटच्या भांड्यातलं बिस्किट उचलून खाताना मी डोळ्यांनी बघितलाय.

आज खाली जाऊन सांगितलं. नीट सांगितलं. आवाज चढवला नाही, देवाशपथ. शालन भाकऱ्या थापत होती. थापता थापता थांबली. "माज्या पोराला काय झालंय? तो खातोय, खेलतोय. तुज्या पोरीला झालं म्हनून सगल्यांना रोगी करतंस काय, ताई?" मी म्हटलं, अगं गीतू पण खात होती, खेळत होती, बाहेरून कळत नाही. तर पिठाचे हात तसेच घेऊन उठली, तेजसला ओढून पाठीमागे घेतला आणि म्हणाली, "माज्या पोराला नजर नको लावू."

नजर! मी!

बाळंतपणात त्या पोराला सगळ्यात आधी हातात मी घेतलं होतं. ही बेशुद्ध पडली होती तेव्हा त्याला आंघोळ मी घातली होती. आणि मी नजर लावते? मी पण बोलले मग. म्हटलं, अडाणी ती अडाणीच राहणार तू. नको करू सोनोग्राफी, मग रडत येशील माझ्याच दारात. हे बोलायला नको होतं. पण बोलले.

महिला मंडळात पण सांगून बघितलं. वाटा घालणं बंद करा, कुत्र्यांना गोळ्या द्या. म्हणे, बुलेट श्रीमंताचा कुत्रा म्हणून त्याला झालं असेल, आमची गावठी कुत्री काटक. एकजण म्हणाली, आमच्या आज्यापणज्यांनी घातलं, कोण मेलं? मला सांगा, कोण कशाने मेलं हे तेव्हा पोट उघडून कोणी बघितलं होतं?

२५ फेब्रुवारी

गीतू खिडकीत बसून बुलेटशी बोलते. खाली साखळी, वर ही. मला विचारते, मम्मी, बुलेटची चूक आहे का? तोंड उघडलं असतं तर तिच्या बापाचं नाव निघालं असतं.

१ मार्च, शनिवार

ऑफिसातून आले, साखळी रिकामी.

रूपेश टीव्ही बघत होता. दिला, म्हणाला. कोणाला? प्रितमला. हा प्रितम म्हणजे याच्या मित्राचा मित्र, करंजाड्याला नवीन घर घेतलंय. मोकळी जागा आहे, त्याला हौस आहे. सांगितलंस का त्याला सगळं? "काय सांगायचं? गोळी दिली ना?" अरे एका गोळीने होत नाही, डॉक्टर कोकलून सांगत होता! पुढच्या गोळीचं सांगितलंस? कच्चं द्यायचं नाही हे सांगितलंस? तर म्हणतो, उलट सांगितलं की याला कच्चीच कलेजी आवडते, नाहीतर रुसतो.

मी म्हटलं, त्यांच्याकडे लहान मूल आहे का? म्हणाला, असेल, मला काय माहीत.

असेल!

आणि वर मलाच — "तुलाच घालवायचा होता ना? गेला. आता तरी गप बस." हो, मला घालवायचा होता! रोज मनातल्या मनात मी त्याला घालवत होते. दोन दिवसांपूर्वी कोणी येऊन त्याला गाडीत घातलं असतं तर मी दार उघडून धरलं असतं. पण असं? माझ्या घरातलं दुखणं पिशवीत बांधून दुसऱ्याच्या घरात ठेवून यायचं? वर सांगून यायचं की याला रोज भरवा?

आज गीतू जेवली नाही. सासूबाई तिच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, आत जात नव्हत्या.

२ मार्च, रविवार

गाडी मीच काढली. रूपेश म्हणाला, चावी ठेव. ठेवली नाही.

करंजाड्यात फिरून फिरून घर सापडलं. नवी बिल्डिंग, तळमजला, पुढे बाग. दार उघडंच. एक तरुण बाई — प्रितमची बायको, अरुणा — कपडे वाळत घालत होती आणि बागेत बुलेट. बुलेटच्या पुढ्यात एक रांगतं बाळ. तो त्याचा हात चाटत होता आणि बाळ खिदळत होतं, चाटलेला हात तोंडात घालत होतं.

मी किंचाळलेच.

मग सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच. पाणी पण घेतलं नाही. पोरीची गाठ, ऑपरेशन, जंत, गोळ्या, सगळं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला. तिने बाळाला उचललं, आत नेलं. नळाचा आवाज येत राहिला, खूप वेळ. साबणाने हात, तोंड, सगळं. बाळ रडत होतं. मग बाहेर आली आणि काय काय बोलली मला! तुम्ही शिकलेली माणसं ना? तुमच्या पोरीच्या पोटात गाठ आहे हे माहीत असून तुम्ही आमच्या बाळाच्या पुढ्यात हा कुत्रा आणून बांधलात? काल फोटो काढून गेले तुमचे मिस्टर, माझ्या बाळाला त्याच्या पाठीवर बसवून! तुम्हाला काय म्हणायचं? मी खाली मान घालून ऐकलं. मी नाही आणला, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. तिला काय फरक पडतो, नवऱ्याने आणला की बायकोने? आमच्याच घरातून आला होता.

डॉक्टरचा नंबर दिला, बाळाचं काय करायचं ते विचारा म्हटलं. बुलेट उडी मारून गाडीत बसला. हायवेला लागल्यावर त्याने मागून माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. आज हट् म्हणायची पण ताकद नव्हती. गाडी बाजूला घेतली आणि रडले. त्या कुत्र्याच्या अंगावर पडून नाही हं! स्टिअरिंगवर.

घरी रूपेश. प्रितमने त्याला फोन करून आईबहिणीवरून शिव्या घातल्या होत्या. माझी नाचक्की केलीस, करंजाड्यापासून सारसोळ्यापर्यंत! मी म्हटलं, तुझ्या पोरीचं पोट उघडणार आहेत, त्याची लाज वाटते का तुला? की ती पण बॅनरवर टाकायची? त्याने हात उगारला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

आणि मध्ये कोण आलं? सासूबाई! एवढीशी बाई, रूपेशच्या छातीला लागते, त्याचा हात धरला. "तिला नको मारू. मना मार. वाटा मी घालत व्हते." नंतर माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हात साबनाने धुतले असते, तं झाला नसता काय गं गीतूला?"

मला या बाईचा इतका राग होता. पंधरा-वीस दिवस मी त्यांना स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. गीतूला शिवू दिलं नाही. आणि आता अशा विचारतायत, जशी काही मी जज आहे. मी म्हटलं, माहीत नाही, आई. खरंच माहीत नाही मला.

९ मार्च

शेजारच्या आळीत हळद. मी गेले नाही. सासूबाई गेल्या. नंतर कोणीतरी सांगितलं, गोजराबाय, म्हणजे आमच्या सासूबाई, बकरे कापायच्या जागेवर काठी घेऊन बसली होती. पिशवी निघालेली कलेजी कोणाला उचलू देईना. स्वतः खड्डा खणून घेतला, वर चुना टाकून घेतला, आणि जेवणं होईपर्यंत त्या खड्ड्यावरून उठली नाही. लोक हसले म्हणे. हसू देत.

आज मी त्यांना म्हटलं, गीतूला भरवा. त्यांनी साबणाने हात धुतले, परत धुतले, मला दाखवले. मला बघवेना.

१३ मार्च, होळी

गाव सगळं होळीवर. गीतू गॅलरीत खुर्चीवर. तेजस खाली नाचत होता. मला बघून हात हलवला, तर शालनने त्याचं तोंड फिरवलं. जळो मेली!

२० मार्च, गुरुवार

ऑपरेशन.

सकाळी आत नेली. जाताना म्हणाली, मम्मी, मी झोपेतून उठेन ना? मी हसून म्हटलं, नाही उठलीस तर शाळेला उशीर होईल. हसले कशी मी, देव जाणे.

बाहेर आम्ही तिघं. रूपेश येरझाऱ्या घालत होता. मध्येच माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी तिला रोज त्याच्याबरोबर झोपू द्यायचो. तू नको म्हणायचीस." इतके दिवस भांडायला मला हेच वाक्य पाहिजे होतं आणि आज ते मिळालं तर त्याचं काय करू कळेना. दूर ढकलला नाही एवढंच.

मॅडम बाहेर आल्या. गाठ अख्खी निघाली. फुटली नाही. आणखी काही महिने गोळ्या, तपासण्या. पोरगी धडधाकट आहे तुमची, म्हणाल्या. सासूबाई तिथेच फरशीवर बसल्या. रूपेश रडला, मोठ्याने, लहान पोरासारखा, सगळ्या हॉस्पिटलसमोर. भावी नगरसेवक!

मी रडले नाही. माझं आधीच झालं होतं.

२८ मार्च

गीतू घरी. टाके सुकतायत. भूक लागते म्हणाली! मला दिवसभर हेच ऐकत बसावंसं वाटलं.

रूपेश आज बुलेटला साखळी लावून जेटीवर गेला, हातात पिशवी आणि खुरपं. कोणीतरी फोटो काढलाच. गावच्या ग्रुपवर आला — 'भावी नगरसेवकांचे स्वच्छता अभियान', खाली हसणारी तोंडं. दिवसभर फुगून बसला होता. मी म्हटलं, उद्या परत जायचंय. जातो म्हणाला, चिडून. चिडून का होईना.

पण बाकी गाव? तेच. जेटीवर तीच घाण, तीच कुत्री, तीच पोरं. खाटकाच्या दुकानात काळ्या पिशव्या तशाच टांगलेल्या, नुसतं बुलेटचं नाव जाऊन दुसऱ्या कुत्र्यांचं आलं. मी जाऊन भांडले. म्हणतो, ताई, लोक मागतात, मी काय करू? मला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. कधी तरी यांच्या घरात एखादं निघेल ना, तेव्हा कळेल! तेव्हा येतील माझ्याकडे. मी वाट बघतेय.

९ एप्रिल

शालन आली होती. दारातच उभी. कडेवर तेजस, झोपलेला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"ताई, तुज्या डॉक्टरचा नंबर दे."

दिला. घाईत आधी चुकीचा लिहिला, मग खोडून परत. तेजसला माझ्याकडे घेतलं, गरम आहे का बघितलं. नव्हता. खोकला जाईना म्हणून एक्स-रे काढला, तर गाठ फुप्फुसात आहे म्हणाली.

शेवटी माझंच म्हणणं खरं निघालं. आग लागो माझ्या खरं ठरण्याला.